झाडाचा बुडखा न खणता कसा घालवायचा? पुण्यातल्या बंगल्यांसाठी आणि सोसायट्यांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वळवाच्या पावसात गुलमोहर मोडतो, अग्निशमन दलाचे जवान येऊन खोड कापतात, वाट मोकळी होते. बुडखा तिथेच राहतो. पुढे वर्षानुवर्षं त्याला गाड्या घासतात, मुलं ठेचकाळतात, कुणी त्यावर कचऱ्याची पिशवी ठेवायला लागतं, आणि दर वार्षिक सभेत 'त्याचं काय करायचं' हा विषय निघतो. लोक नेहमी जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत.

खणून काढला तर काय बिघडतं?

मोकळ्या प्लॉटवर काहीच बिघडत नाही. जेसीबी बोलवा, तासाभरात काम होतं. पण कोथरूड, सहकारनगर, बिबवेवाडीतल्या जुन्या सोसायट्यांत बुडखा असतो तो इमारत आणि कंपाउंडची भिंत यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्ट्यात. तिथे जेसीबी शिरत नाही. शिरला तरी त्याच पट्ट्यातून ड्रेनेजची लाइन, पाण्याची लाइन, महावितरणची केबल आणि आता बऱ्याच ठिकाणी पाइप गॅसची नळीही गेलेली असते. मोठं मूळ उपसताना ते ज्याला वेढून बसलंय तेही सोबत येतं. कंपाउंडची भिंत जुनी दगडी असेल आणि मुळं तिच्या पायाखाली गेली असतील, तर एका बाजूची माती काढताच भिंत कलते.

बाणेर, पाषाण, बावधनच्या उतारावरच्या प्लॉटमध्ये आणखी एक कारण आहे. मुळं मेली तरी काही वर्षं माती धरून ठेवतात. ऐन पावसाळ्याच्या तोंडावर ती उपसली तर खड्ड्यात पाणी भरतं आणि उतार घसरतो.

महापालिकेची परवानगी लागते का?

आधी हा प्रश्न सोडवा, मग गिरमिटाला (लाकडात भोकं पाडायच्या हत्याराला) हात लावा. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ या कायद्यात झाड 'तोडणं' याचा अर्थ फक्त कुऱ्हाड घालणं असा नाही. जाळणं आणि कोणत्याही प्रकारे इजा करणं हेसुद्धा त्यात येतं. म्हणजे फुटवे येत असलेल्या, जिवंत बुडख्यात काहीतरी ओतून तो मारणं हे 'आमच्याच आवारात आहे' म्हणून आपोआप चालतं असं नाही. २०२१ च्या दुरुस्तीनं ५० वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडांना वेगळं संरक्षण दिलं आहे. जुन्या पेठांतल्या आणि डेक्कनच्या वाड्या-बंगल्यांत अशी झाडं पुष्कळ आहेत.

झाड परवानगी घेऊन तोडलेलं असेल तर ते पत्र जपून ठेवा. वादळात पडलं असेल तर पडलेल्या अवस्थेतले फोटो ठेवा. बुडखा पूर्ण मेलेला असेल तरी क्षेत्रीय कार्यालयात उद्यान विभागाकडे एक साधा अर्ज देऊन त्याची पोच घ्या. शेजाऱ्यानं तक्रार केली तर तोच कागद कामाला येतो. पिंपरी-चिंचवडमध्ये तिथल्या महापालिकेकडे, कॅन्टोन्मेंट भागात बोर्डाच्या कार्यालयात विचारा.

फुटपाथवरचा बुडखा तुमचा नाही. तो कितीही अडचणीचा असला तरी स्वतः हात लावू नका, महापालिकेकडे तक्रार नोंदवा.

बुडखा जिवंत आहे की मेलेला, हे कसं कळतं?

फुटवे दिसत असतील तर प्रश्नच मिटला. दिसत नसतील तर सालीवर चाकूच्या टोकानं हलकेच खरवडा. खाली ओलसर हिरवा किंवा फिकट पांढरा थर लागला तर तो जिवंत आहे. तपकिरी, कोरडा, भुगा होणारा थर लागला तर त्या बाजूनं तरी मेलाय. तीन-चार ठिकाणी खरवडून बघा, कारण एक बाजू सुकलेली आणि दुसरी ताजी असं सर्रास असतं.

कापला की दर वेळी पुन्हा धुमारे फुटतात. ते कसे थांबवायचे?

सुबाभूळ आणि निलगिरी यात सगळ्यात चिवट. सागाला आणि शेवग्यालाही भरपूर फुटवे येतात. मुळांत साठवलेल्या अन्नावर ते येतात, आणि पानं मोठी झाली की साठा पुन्हा भरायला लागतात. म्हणून महिन्यातून एकदा कोयता फिरवण्यात फार अर्थ नाही. पान उलगडायच्या आत, बोटभर असतानाच फुटवा हातानं मोडायचा, जमेल तर सालीसकट ओरबाडायचा. पावसाळ्यात हे दर आठवड्याला करावं लागतं.

दुसरा उपाय म्हणजे उजेड बंद करणं. बुडखा जमिनीलगत कापून त्यावर जाड काळं प्लॅस्टिक किंवा गोणपाटाचे दोन-तीन थर घाला, कडा मातीत दाबा, वर माती आणि पालापाचोळा टाका. अंधारात फुटलेला कोंब पांढराच राहतो आणि साठा संपवून मरतो. सुबाभळीला याला एखादं वर्ष सहज लागतं. धीर सोडू नका.

बुडखा कुजवायचा म्हणजे नेमकं काय करायचं?

लाकूड कुजवणारी खरी मंडळी म्हणजे बुरशी. लाकडाला कडकपणा देणारं लिग्निन पचवणं हे फार थोड्या जिवांना जमतं, आणि त्यात पांढरी कूज करणाऱ्या बुरश्या आघाडीवर आहेत. त्यांना ओल, हवा, सावली आणि थोडं नत्र (नायट्रोजन) लागतं. उन्हात उघडा पडलेला बुडखा वरून वाळतो, टणक होतो आणि दहा वर्षं तसाच राहतो. तोच मातीखाली, ओलीत ठेवला की काम सुरू होतं. दुकानात मिळणाऱ्या कुठल्याही पावडरीपेक्षा ओल आणि मातीचा स्पर्श महत्त्वाचा. हे एवढं पटलं तरी निम्मे पैसे वाचतील.

कृती सांगा. सुरुवात कधी करावी?

मे महिन्याच्या शेवटी भोकं पाडून तयार ठेवा, म्हणजे मृगाचा पाऊस थेट कामाला लागतो.

सगळ्यात आधी खिळे शोधा. पुण्यात रस्त्याकडेच्या आणि गेटजवळच्या झाडांवर वर्षानुवर्षं क्लासच्या, फ्लॅट भाड्यानं देण्याच्या पाट्या ठोकल्या गेल्या. खिळे काढण्याच्या मोहिमा झाल्या तरी जे खिळे सालीनं गिळले ते आतच राहिले. चेन सॉची साखळी खिळ्यावर आदळली तर उसळते आणि जीवघेणी जखम करते. जाड लोहचुंबक सालीवरून फिरवून बघा आणि चेन सॉ सवयीच्या माणसाच्याच हातात द्या.

बुडखा जमेल तेवढा खाली, जमिनीलगत कापून घ्या. मग लाकडात भोकं पाडायचं इंचभर जाडीचं गिरमिट घ्या. रविवार पेठेत, बोहरी आळीत चौकशी केलीत तर मिळेल. साधं भिंतीचं बिट लाकडात नुसतं तापतं आणि धूर काढतं. वरून सरळ खाली आठ ते बारा इंच खोल भोकं पाडा, एकमेकांपासून चार ते सहा इंचांवर. कडेची भोकं थोडी जास्त पाडा, कारण रसकाष्ठ, म्हणजे सालीलगतचं कोवळं लाकूड, लवकर कुजतं आणि बुरशी तिथूनच आत शिरते. मग बाजूनं, जमिनीच्या जरा वरून, तिरपी भोकं अशी पाडा की ती वरच्या भोकांना आत जाऊन मिळतील. त्यानं पाणी तुंबत नाही आणि हवा खेळते. गिरमिटाबरोबर येणारा भुसा बघत राहा. कोरडा, फिकट, करकरीत भुसा आला तर लाकूड अजून घट्ट आहे; काळपट, ओला, मातकट वासाचा आला तर आतून कूज आधीच सुरू झाली आहे आणि तिथे जास्त भोकांची गरज नाही.

भोकं उघडी ठेवू नका. पावसाचं पाणी साचलं की त्यात एडिस डासांच्या अळ्या होतात, आणि डेंगीच्या हंगामात महापालिका सोसायटीला नोटीस देते. भोकांत अर्धवट कुजलेलं कंपोस्ट गच्च न दाबता भरा, त्यावर ताज्या शेणाचा पातळ काला ओता. सोसायटीत ओल्या कचऱ्याचा खतप्रकल्प असेल तर तिथलं खत उत्तम, कारण त्यात जीवाणू आणि बुरशी भरपूर असतात. वर चार-सहा इंच माती, त्यावर पालापाचोळा, त्यावर ओलं गोणपाट. झालं.

पाऊस संपल्यावर खरी परीक्षा. ऑक्टोबरनंतर पुण्यात कोरडी हवा सुटते आणि बहुतेक बुडखे तिथेच अर्धवट राहतात. दोन-तीन दिवसांआड बादलीभर पाणी घाला. पिण्याचं पाणी यासाठी वापरू नका; तांदूळ-भाजी धुतलेलं पाणी किंवा सोसायटीच्या सांडपाणी प्रक्रिया प्रकल्पातलं पाणी चालतं. साबणाचं नको. माती हातात घेतल्यावर लाडवासारखी वळली पण पाणी गळलं नाही, एवढी ओल पुरे.

दिवाळीनंतर माती बाजूला करून बघा. लाकडावर पांढऱ्या धाग्यांचं जाळं पसरलेलं दिसलं, वास पावसातल्या रानासारखा आला आणि पहारीचं टोक जोर न लावता आत गेलं, तर तेवढा भाग टिकावानं फोडून काढा. फोडलेले तुकडे खतात टाका, खालच्या घट्ट भागात नवी भोकं पाडा, पुन्हा झाका.

युरिया घालावा, की १३:००:४५?

दोन्हींमुळे बुरशीला नत्र मिळतं. युरियात ४६ टक्के नत्र असतं आणि तो स्वस्त. १३:००:४५ म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. द्राक्ष बागायतदारांमुळे ते आपल्याकडच्या कृषी सेवा केंद्रात सहज मिळतं. परदेशी बाटल्यांवर 'स्टंप रिमूव्हर' म्हणून जे विकतात, त्यातही पुष्कळदा हेच असतं. भोकामागे एक-दोन चमचे पुरे. मूठ-मूठ ओतल्यानं वेग वाढत नाही, उलट खत झिरपून बोअरवेलच्या पाण्यात नायट्रेट जातं.

माझा कल शेणकाल्याकडेच आहे. पण खतच वापरायचं असेल तर युरिया घ्या आणि भोकं मातीनं बंद करा. गाई-शेळ्यांच्या पोटात युरिया गेला तर विषबाधा होते, आणि शहराच्या कडेच्या भागात जनावरं अजून मोकळी फिरतात. १३:००:४५ घातलेल्या बुडख्याजवळ आग अजिबात नको. ते ज्वलनाला प्राणवायू पुरवतं.

किती वेळ लागेल?

गुलमोहर, शेवगा, पांगारा यांचं लाकूड मऊ. नीट काळजी घेतली तर एक ते दोन पावसाळ्यांत पहार शिरते. आंबा त्याहून थोडा जास्त वेळ घेतो. चिंच, बाभूळ, कडुनिंब तीन-चार वर्षं किंवा अधिकही घेतात. सागाचा गाभा बुरशीला दाद देत नाही, म्हणून तर त्याचे दरवाजे पिढ्यान्‌पिढ्या टिकतात. साग असेल तर कुजवण्याच्या नादी लागू नका, बुडखा भरडणारं स्टंप ग्राइंडर मशीन बोलवा.

मीठ, मोरचूद, ॲसिड, हिंग, डिझेल यांतलं काय चालतं?

काहीच नाही.

मिठानं झाड मरतं, पण बुडखा कुजत नाही. मीठ मातीत राहतं, पावसाबरोबर शेजारच्या झाडांच्या मुळांशी जातं आणि इमारतीच्या पायाशी पोचलं तर त्यातलं क्लोराइड काँक्रीटमधल्या सळया गंजवतं. किलोभर मिठापायी पार्किंगच्या कॉलमला धोका कशाला द्यायचा?

मोरचुदाची, म्हणजे तांब्याच्या निळ्या क्षाराची, गोष्ट तर उलटीच आहे. बोर्डो मिश्रणात आपण ते बुरशी मारायलाच वापरतो. जी बुरशी बुडखा खाणार तिलाच विष घातलं, तर लाकूड उलट टिकेल. तांब्याचे खिळे ठोकण्याचा सल्लाही याच मासल्याचा. संडासाचं ॲसिड वरचा थर काळा करतं आणि हात भाजतं. हिंगाची पुडी भोकात ठेवण्याचं घराघरांत सांगितलं जातं. हिंगानं लाकूड कुजत नाही. डिझेल आणि रॉकेल माती नासवतात आणि ज्या बोअरचं पाणी तुम्ही वापरता त्यातच उतरतात.

जाळून टाकला तर?

शहरात उघड्यावर जाळायला मनाई आहे, दंड होतो. पण मला दंडापेक्षा जमिनीखालच्या आगीची जास्त धास्ती वाटते. सुकलेलं मूळ आत धुमसत राहतं, वरून विझलेलं दिसतं आणि बऱ्याच वेळानं भलत्याच ठिकाणी धूर काढतं. त्या वाटेत गॅसची नळी किंवा केबल असेल तर काय होईल, ते सांगायला नको. दम्याचे रुग्ण आणि लहान मुलं वरच्या मजल्यांवर राहतात, हेही लक्षात असू द्या.

तणनाशक लावून मारता येईल का?

ग्लायफोसेट ताज्या कापावर लावतात, हे खरं. पण ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारनं अधिसूचना काढून त्याचा वापर कीडनियंत्रण व्यावसायिकांपुरता मर्यादित केला. घरी बाटली आणून ब्रश फिरवायचा विषय तिथेच संपतो. शिवाय एकाच जातीची झाडं रांगेत लावलेली असतील, तर त्यांची मुळं जमिनीखाली एकमेकांना जोडलेली असू शकतात. एकाला दिलेलं औषध शेजारच्याला जाऊन लागतं. आणि औषधानं बुडखा फक्त मरतो, नाहीसा होत नाही. कुजवण्याचं काम उरतंच.

नारळाच्या बुडख्यालाही हीच कृती का?

नाही, नारळ वेगळा. त्याचा वाढीचा कोंब एकच आणि तो शेंड्याला, त्यामुळे बुडख्याला फुटवे येत नाहीत. सोटमूळ नसतं, बोटाएवढ्या जाडीच्या मुळांचा झुपका असतो. आणि कुजणाऱ्या नारळाच्या बुडख्यात गेंड्या भुंगा अंडी घालतो, त्याच्या अळ्या तिथेच पोसतात आणि बाहेर पडलेले भुंगे आसपासच्या जिवंत माडांचे कोंब पोखरतात. सोसायटीत किंवा शेजारी एक जरी माड उभा असेल, तर बुडखा सावकाश कुजत ठेवू नका. मुळं पातळ असल्यानं कुदळ आणि कुऱ्हाडीनं तो फोडून काढता येतो; दोन माणसांचं काम आहे. अगदीच शक्य नसेल तर कृषी सेवा केंद्रातून मेटारायझियम ही मित्रबुरशी आणून सोडा, ती या अळ्यांना मारते.

कुजणाऱ्या बुडख्यामुळे घरात वाळवी येईल का?

भिंतीपासून दहा-पंधरा फूट दूर असेल तर मी काळजी करणार नाही. भिंतीला टेकून असेल, आणि तळमजल्यावर लाकडी चौकटी किंवा जुन्या वाड्याचे खांब असतील, तर मात्र कुजवत बसू नका. तिथे मशीन लावा. मधल्या अंतरावर असेल तर भिंतीच्या कडेला मातीच्या बारीक नळ्या वर चढताना दिसतात का, हे पावसाळ्यानंतर बघत चला.

बुडख्यावर छत्र्या (अळिंबी, म्हणजे मशरूम) उगवल्या आहेत. खाता येतात का?

खाऊ नका. ओळख पक्की नसताना कुठलीही रानटी अळिंबी खाणं जिवावर बेतू शकतं. लहान मुलं आणि पाळीव कुत्री यांनाही दूर ठेवा. उगवल्या म्हणजे काम चालू आहे, एवढंच समजा.

एक प्रकार मात्र ओळखून ठेवा: लाकडासारखी कडक, तपकिरी-लालसर, वरून लाख लावल्यासारखी चकचकीत आणि कडेला पांढरी किनार असलेली पंख्याच्या आकाराची बुरशी. ही गॅनोडर्मा. ती जिवंत झाडांची मुळंही कुजवते, गुलमोहराला विशेष बाधते. अशी बुरशी आलेल्या बुडख्याजवळ जिवंत गुलमोहर असेल, तर तो बुडखा मुळांसकट लवकर काढणं चांगलं. उद्यान विभागाला उभं झाडही तपासायला सांगा. वरून हिरवं दिसणारं झाड खालून पोकळ झालेलं असू शकतं.

मुद्दाम धिंगरी अळिंबी (ऑयस्टर मशरूम) लावली तर?

कल्पना चांगली आहे. धिंगरी लाकूड कुजवणाऱ्या बुरश्यांपैकीच. तिचं बियाणं म्हणजे स्पॉन. शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयात अळिंबीवर काम चालतं, तिथे चौकशी करा. बुडखा ताजा कापलेला, सावलीतला आणि रसायन न घातलेला हवा. सुकलेल्या, आधीच दुसऱ्या बुरशीनं धरलेल्या लाकडात ती टिकत नाही.

स्टंप ग्राइंडर मशीन परवडतं का?

एका छोट्या बुडख्यासाठी नाही. तीन-चार सोसायट्यांनी मिळून एकाच दिवशी बोलावलं तर परवडतं. दातेरी चाक लाकडाचा चुरा करत जमिनीखाली अर्धा ते एक फूट जातं, मुळं तशीच राहतात. ठरवताना किती खोल जाणार आणि चुरा कोण उचलणार, हे लिहून घ्या. केबल आणि नळ्या कुठून जातात ते आधी खडूनं आखून दाखवा. चुरा झाडांच्या आळ्यात वरून पसरायला छान. मातीत मिसळू नका, कुजताना तो नत्र ओढून घेतो.

वड, पिंपळ किंवा औदुंबराचा बुडखा आहे. माणसं हात लावायला तयार नाहीत.

त्यांच्यावर जबरदस्ती करू नका. अनेक घरांत नारळ फोडून, झाडाची क्षमा मागून मगच काम सुरू करतात; तसं करायला अर्ध्या तासापेक्षा जास्त लागत नाही आणि माणसं मोकळ्या मनानं हात लावतात. बुडखा जिवंत असेल, जागा मोकळी असेल आणि भिंतीला धोका नसेल, तर माझं मत त्याला वाढू द्यावं असंच आहे. एक सरळ फुटवा ठेवून बाकीचे काढले तर जुन्या मुळांच्या जोरावर त्याचं भराभर झाड होतं.

काढायलाच हवा का?

प्रत्येक वेळी नाही. वाटेत नसेल, भिंतीला लागून नसेल तर राहू द्या. सरडे, खारी, गोम, भुंगे, पावसाळ्यातली शेवाळं आणि नेचे त्याच्या आश्रयाला येतात, आणि किडे आले की दयाळ आणि सातभाई हे पक्षीही येतात. उंच बुडखा असेल तर वर उथळ परळ ठेवून पाणी भरा. पाणी दर दोन दिवसांनी बदला, नाहीतर पुन्हा डासच.

त्याच जागी नवीन झाड लावता येईल का?

ऐन बुडख्यावर नको. कुजणारं लाकूड नत्र ओढतं, जमीन खचत राहते आणि रोप कलतं. तीन-चार फूट बाजूला लावा. जागा चिंचोळी असेल तर बहावा, ताम्हण किंवा कांचन घ्या. वड-पिंपळ-रेन ट्री तिथे नको. मुरमाड जमीन असेल तर दोन फूट खड्डा घेऊन पोयटा (गाळाची माती) आणि शेणखत भरा. बुडख्याची जागा पुढची दोन-तीन वर्षं खाली बसत राहील, तेव्हा तिथे पेव्हर ब्लॉक बसवायची घाई करू नका. दर पावसाळ्यानंतर दोन घमेली माती टाकत राहा.